खुर्चीला कळलेला शेवट

माझ्यात बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून आज त्याच्या वतीनं मीच बोलते. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची.

ज्या कारखान्यात माझे सांधे आवळले गेले, तिथं माझ्या शेजारी एक सलूनची खुर्ची उभी होती. ती गेली न्हाव्याकडे, मी आले इथे. तिच्यातला माणूस आरशात बघून खूश होतो. माझ्यातला छताकडे बघून देव आठवतो. पण मी कधी तिचा हेवा केला नाही. माणसं मला जितकं घट्ट धरतात, तितकं त्यांनी आपल्या बायकोलाही धरलं नसेल.

मला आणलं ते डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी. ते अगदी अबोल. 'आ करा' आणि 'चूळ भरा', एवढ्यावर त्यांनी सगळा धंदा चालवला. ते थकले आणि बाई आल्या. तेव्हापासून दवाखान्यात जो आवाज सुरू झाला, तो मशीनचा कमी आणि बाईंचा जास्त.

बाईंना एका मालिकेचं वेड. अंतराळात वाट चुकलेलं एक यान, त्यातली माणसं आणि मोडक्या पायाचा एक यंत्रमानव. त्याला सगळे लाडानं लंगडोबा म्हणायचे. घरी पोचायचं कसं, एवढाच प्रश्न. पण कित्येक वर्षं गाव त्यावर जेवत होतं. मी मालिका पाहिलेली नाही. मला टीव्ही दाखवणार कोण? मी ती बाईंच्या तोंडून ऐकली आणि लंगडोबावर माझा जीव जडला. त्याचेही सांधे कुरकुरायचे.

अडचण अशी की बाई भाग बघून यायच्या आणि दाढ कोरता कोरता सांगायच्या. आता ज्याच्या तोंडात नळी, आरसा आणि बाईंची दोन बोटं आहेत, तो 'मी अजून पाहिला नाही हो' हे कसं सांगणार? माणसं हात वर करायची. बाई म्हणायच्या, "दुखतंय? झालंच हं," आणि पुढचा भाग सांगायच्या.

शेवटी मावशींनी तोड काढली. मावशी म्हणजे नंबर लावणाऱ्या, हत्यारं उकळणाऱ्या आणि बाईंना रागावायचा हक्क असलेल्या. त्यांनी ठरवून दिलं: दुखलं तर डावा हात, भाग पाहिला नसेल तर उजवा. पहिल्याच दिवशी पोस्टमननं दोन्ही हात वर केले. पोलिसांना शरण आल्यासारखा पडून होता बिचारा.

मग बाईंवरच वेळ आली.

त्यांची लेक शिकायला परगावी. मायलेकींचा करार होता की दर वर्षीचा शेवटचा भाग एकत्रच बघायचा, लेक सुट्टीला आली की. गेल्या वर्षी बाईंना धीर धरवला नाही. त्यांनी तो भाग आधीच बघून टाकला आणि नंतर लेकीसमोर तो पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायला गेल्या. लेक म्हणाली, "आई, अजून कोणी मेलं नाहीये आणि तू रुमाल काढून बसलीस." त्यानंतर पोरीनं महिनाभर फोन उचलला नाही. बाई रोज जेवणाच्या सुट्टीत फोन लावायच्या आणि माझ्या हातावर ठेवून द्यायच्या. त्या दिवसांत त्या गप्प होत्या आणि दवाखाना त्यांच्या वडिलांच्या वेळेसारखा झाला होता.

यंदा मालिका संपली. शेवटचा भाग गावानं रविवारी पाहिला. लेक येणार होती शनिवारी. या वेळी बाईंनी शब्द दिला होता. मधला आठवडा शेवट कानावर पडू द्यायचा नव्हता.

बाईंनी सोपा उपाय केला. पेशंट दारातून आत आला की त्यानं 'नमस्कार' म्हणायच्या आत तोंडात कापसाचा बोळा. काय दुखतंय ते बोटानं दाखवा. एक मुख्याध्यापिका फक्त वेळ विचारायला आल्या होत्या. त्याही बोळा घेऊनच घरी गेल्या.

बोळा लागला नाही तो एकाच माणसाला. लिफ्टवाले आजोबा. जन्मभर एका कचेरीची लिफ्ट चालवलेली. म्हणायचे, आयुष्यभर वर-खाली केलं, लांब कधी गेलोच नाही. म्हणून ते यान आवडतं. त्यांचे सगळे दात काढून झाले होते आणि कवळी बनत होती. दात नसल्यानं त्यांचं बोलणं म्हणजे नुसता वारा. बाईंना वाटलं, यांच्यापासून काय धोका?

सोमवारी ते माप द्यायला आले आणि त्यांनी मन मोकळं केलं. पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत. डोळ्यांत पाणी. बाई साचा घासत मान डोलवत होत्या. "हं. हं. चालायचंच आजोबा."

बाईंना काही कळत नव्हतं. पण मी इतकी वर्षं बोळक्या तोंडांखाली काढलेली. मला शब्दन् शब्द कळला. लंगडोबाचं काय झालं ते मला असं कळलं. मी पाहिलंय का, हे कोणी विचारलं नाही. आणि मला तर डावा-उजवा कुठलाच हात वर करता येत नाही.

आजोबा बाहेर गेले. दार उघडंच होतं. मावशी त्यांना म्हणाल्या, "बाईंपुढे मालिकेचं काढलं नाहीत ना? शनिवारी लेकीबरोबर बघायचीय त्यांना. गेल्या वर्षी पोरगी केवढी रुसली होती, माहितीय ना?"

आजोबांचा चेहराच उतरला. तसेच आत आले, हात जोडले, काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, "हो हो, शुक्रवारी नक्की. दात तयार ठेवते."

शुक्रवारी ते माझ्यात बसले ते फाशीला आल्यासारखे. बाईंनी कवळी बसवली. "मोजा बघू, साठपासून सत्तरपर्यंत. 'स' नीट येतो का ते कळेल."

आजोबांनी सत्तरपर्यंत मोजलं. मग थांबले. "बाई, माझ्या हातून वाईट झालं. सोमवारी मी तुम्हाला सगळा शेवट सांगून टाकला. मला वाटलं, तुम्ही पाहिला असेल. आता पोरीपुढे तुमची पंचाईत."

"काय सांगितलंत?"

आजोबांनी तोंड उघडलं. बाईंनी झटकन त्यावर तळवा धरला. "नको नको, सांगू नका. मला काहीच कळलं नव्हतं."

"काहीच?"

"एकही दात नव्हता तुमच्या तोंडात. मला वाटलं, सुनेबद्दल सांगताय."

"मग मान कशाला डोलवत होतात?"

"मी सगळ्यांपुढेच डोलवते."

आजोबांनी मोठा श्वास सोडला. पण जरा वेळानं त्यांचा चेहरा पुन्हा पडला. "म्हणजे एवढं सगळं मी खुर्चीला सांगितलं."

माझे सांधे तेवढे कुरकुरले.

"घरी कोणाशी बोलणार?" ते म्हणाले. "मुलगा म्हणतो, बाबा, ते यान खोटं असतं. मला कळत नाही का? लिफ्ट तर खरी होती. तिच्याबद्दल तरी कोणी कुठे विचारलं?"

बाईंनी हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "सोमवारी या. मावशींना सांगा, कवळी टोचतेय."

"पण टोचत नाहीये."

"आजोबा, सांगा हो टोचतेय म्हणून."

शनिवार-रविवार मी अंगावर चादर घेऊन अंधारात काढला. सोमवारी बाई आल्या त्या सुजलेल्या डोळ्यांनी. मावशींना म्हणाल्या, "दोघी इतक्या रडलो की शेजारचे विचारायला आले, कोण गेलं म्हणून." आणि इतक्या दिवसांनी पोटभर हसल्या.

आजोबा आले तेव्हा बाई माझ्यात आडव्या होत्या, पाय वर, चपला खाली. आजोबांनी बाईंचं स्टूल ओढलं आणि पहिल्या प्रसंगापासून सुरुवात केली. लंगडोबानं केलं ते बरोबर की चूक, यावर दोघं चांगलेच भांडले. बाई मध्येच बोलायला लागल्या तर आजोबा म्हणायचे, "थांबा, आधी माझं होऊ द्या." बाहेर मावशी खोळंबलेल्या लोकांना सांगत होत्या, "आत कवळीचं नाजूक काम चाललंय. वेळ लागेल."

आता ते दर सोमवारी येतात. गेल्या वेळी बाईंनी लिफ्टबद्दल विचारलं, तर दोन पेशंट कंटाळून परत गेले. माझं रेक्झिन फाटलंय, सांधे बोलतात, नवी खुर्ची घ्यायची कुजबुज ऐकते. घ्या बापडे. फक्त एक मागणं आहे. कोणालाही काही सांगण्याआधी विचारा, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला दोनदा विचारा.

लंगडोबाचं काय झालं? ते मी नाही सांगणार. आधी पाहून या.