रद्द झालेलं अक्षर

चोवीस मे हा बल्गेरियात अक्षरांचा सण. गावोगावची पोरं फुलांनी मढवलेली अक्षरं हातात धरून मिरवतात. एकोणीसशे पंचेचाळीस साली मात्र साम्यवाद्यांच्या नव्या सरकारने दोन अक्षरांना घरी बसवलं. त्यातलं एक 'यात्'. हजारेक वर्षांचं जुनं, दिसायला खाली पोट सुटलेल्या क्रुसासारखं. दुधाला पूर्वेकडचे 'म्ल्याको' म्हणत, पश्चिमेकडचे 'म्लेको'. लिहिताना मात्र दोघांचं या एका अक्षरावर भागे. आता ते लिहिणारा जुन्या राजवटीचा ठरू लागला.

शिक्षिका नेव्यानाबाईंचा भाऊ जुन्या राजवटीच्या पोलिसांत होता, त्यामुळे त्यांची शाळेतली नोकरी आधीच टांगणीला लागलेली. आणि नेमकी मिरवणूक निघताना गावातली म्हातारी त्सोन्का लालभडक फुलांनी सजवलेलं 'यात्' घेऊन हजर! तिच्या मुलाने, ल्युबेनने, शाळेत असताना हेच अक्षर धरलं होतं. तेव्हापासून दरवर्षी ते तीच सजवी. याच मार्चमध्ये नव्या सरकारच्या फौजेतून जर्मनांशी लढताना, द्रावा नदीवरच्या लढाईत ल्युबेन बेपत्ता झाला होता.

"अगं, हे अक्षर रद्द झालंय," बाई म्हणाल्या.

"सरकारचं झालं असेल. ल्युबेन आला की पहिलं विचारेल, आई, माझं अक्षर कुणी धरलं?"

"माझ्या पोटावर पाय आणशील तू!"

"तुम्ही पुढे बघून चाला बाई. मी पोरांच्या मागून येते. म्हातारीकडे कोण बघतंय!"

सगळ्यांनीच बघितलं. चौकात मंचावरच्या शिक्षणाधिकाऱ्याने बोट रोखलं. "बाई, हे काय? जुनं भूत मिरवताय?"

बाईंनी भोवती पाहिलं. समोरच जुन्या युद्धांतल्या सैनिकांचं स्मारक होतं.

"अक्षर नाही ते, कॉम्रेड. स्मारकासाठी फुलं आहेत. हिचा मुलगा द्रावावर कामी आला."

अधिकाऱ्याने ताबडतोब टोपी काढली. बँड थांबला. चौकातल्या झाडून साऱ्या पुरुषांनी टोप्या उतरवल्या. कुणीतरी त्सोन्काला हाताला धरून स्मारकापाशी नेलं. "ठेवा, आई."

बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

त्सोन्काने अक्षर खाली ठेवलं. "तो बेपत्ता आहे," ती बाईंकडे बघून म्हणाली. "नुसता बेपत्ता." तोवर बँड पुन्हा सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या बायका रीतीप्रमाणे मेलेल्याच्या नावाने शिजवलेले गहू घेऊन तिच्या दारी गेल्या. नेव्यानाबाईही गेल्या. त्सोन्काने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला सुतकाचा काळा रुमाल होता.