छापून आलेली गोष्ट

लेकीची पहिली गोष्ट मासिकात छापून आली आणि तिने ती सगळ्यांत आधी बापाच्याच हातात ठेवली. "बाबा, आईलाही दाखवली नाहीये अजून. तुम्ही वाचा, मग बोलू."

बाप सोफ्यांना कापड चढवणारा कारागीर. शाळेत त्याच्या डोळ्यांपुढे ओळी एकमेकींत घुसायच्या आणि मास्तर 'ढ' म्हणून कान पिळायचे. या प्रकाराला डिस्लेक्सिया म्हणतात, हे त्याला टीव्हीवरून कळलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. पण नाव कळलं म्हणून लाज थोडीच जाते? बायकोलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. याला वाचायचा कंटाळा आहे, अशी घरात समजूत होती आणि ती त्याच्या पथ्यावर पडायची.

आज मात्र लेक समोरच ठाण मांडून बसली. त्याने चष्मा लावला, नजर फिरवली आणि अंदाजाने पान उलटलं. पुढे चित्र होतं, खुर्चीत एक माणूस आणि शेजारी हसरी मुलगी. म्हणजे गोष्ट गमतीची, त्याने ताडलं.

"झकास! हसून हसून पुरेवाट झाली बघ."

लेकीचा चेहरा उतरला. "हसू आलं तुम्हाला?"

"मग! येणारच की."

तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली, मासिक घेऊन कौतुकाने मोठ्यांदा वाचू लागली. गोष्टीतली मुलगी बक्षिसाचा निबंध बापाला दाखवते. तो म्हणतो, 'ठेव तिथे.' प्रगतिपुस्तक दाखवते, 'ठेव तिथे.' त्याच्यावर केलेली कविता, तीही 'ठेव तिथे.' शेवटी मुलगी त्याला काही दाखवायचंच सोडते. आईला पुढे वाचवेना.

धरणीने पोटात घ्यावं असं बापाला झालं.

"बाबा, खरंच वाचलीत?" लेकीच्या आवाजात राग नव्हता. त्याने नाही म्हणावं, एवढीच आशा होती.

नाही म्हटलं की 'का नाही' येणार आणि त्याच्यामागून मास्तरांचा तो ढ. काळीज दगडाचं म्हणाली तरी चालेल, पण ढ नको.

"वाचली की," तो म्हणाला. "बाप अगदी हुबेहूब उतरलाय."

लेकीने आईच्या हातातून मासिक घेतलं आणि ती आत निघून गेली. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली.