मोठ्या साहेबांना गप्प करणारी

एक होतं मोठ्या साहेबांचं कॉलेज. तिथं राहत होते घड्याळमामा, त्यांची बायको, त्यांची एकुलती एक लेक, आणि चौथी मी. मी घंटा बोलतेय. पितळेची, लाकडी चौकटीत टांगलेली. शेजारी माझी छोटी हातोडी.

जुने नळ, एक फुटकं पातेलं, कुणाच्या तरी दाराची कडी असं सगळं वितळवून मला ओतलं. माझ्या अंगात पुष्कळांची घरं आहेत, पण माझं म्हणावं असं एकही नाही.

कॉलेज म्हटलं म्हणजे पोरंसोरं आली डोळ्यांपुढं? छे हो! फौजेतले, आरमारातले, पोलिसांतले साहेब इथं वर्षभर शिकायला येतात. ज्यांच्या एका शब्दावर हजार माणसं ताठ उभी राहतात, असे. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. पहिल्या दिवशी वही विसरतात आणि शेजाऱ्याकडे पेन मागतात.

देश कसा राखायचा यावर प्रत्येकानं उभं राहून वीस मिनिटं बोलायचं. अठराव्या मिनिटाला माझा एक टोला, विसाव्याला दोन. दोन टोले पडले की तोंडातला शब्द तोंडात. हा नियम कॉलेजच्या पहिल्या मुख्य साहेबांनी घातला, आणि त्याला एक शेपूटही लावलं. माझ्याआधी जो थांबेल, त्याची तयारी कच्ची धरायची. त्यामुळं इथं आपण होऊन कुणी गप्प बसत नाही. मीच बसवते.

इतर घंटांचं नशीब बघा. त्या वाजल्या की शाळा सुटते, दार उघडतं, माणसं गोळा होतात. मी वाजले की समोरचा हिरमुसतो. चहाच्या सुट्टीत सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर जातात, आणि मी हिरव्या टेबलक्लॉथवर एकटी. दोन वर्गांच्या मधे दीड महिना हॉल बंद असतो. तेव्हा माझ्यावर धूळ बसते आणि मला वाटतं, निदान ही तरी माझ्याजवळ बसली.

माझ्याशी बोलायचे ते एकटे घड्याळमामा. मला वाजवणारे शिपाई. दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. एक खोटं बोललं तर दुसरं साक्षीला. सकाळी सगळ्यांआधी यायचे, राखेनं मला घासायचे आणि म्हणायचे, "काय म्हातारे, आज तिघांना गप्प करायचंय. घसा साफ आहे ना?"

सतरा वर्षं मामा हंगामीच राहिले. दर वर्षी एक कागद यायचा, 'आणखी एक वर्ष राहा.' त्या वर्षी मात्र वयाची अट आडवी आली. कायम व्हायचं तर आत्ताच, नाहीतर नोकरी आणि कॉलेजमागचं राहतं क्वार्टर दोन्ही सोडायचं. लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. बिऱ्हाड हललं असतं तर तिचं शिक्षणही अर्ध्यावर राहिलं असतं. मला घासताना मामांचा हात मधेच थांबायचा. मी विचारू शकत नव्हते.

अशात एक दिवस सगळ्या फौजांचे सगळ्यांत मोठे साहेब वर्गापुढं बोलायला येणार, असं ठरलं. तेही कधीकाळी याच बाकांवर शिकलेले. सकाळीच रजिस्ट्रारसाहेब माझ्या टेबलापाशी आले.

"मामा, आज घंटा नाही."

"नाही म्हणजे, साहेब?"

"नाही म्हणजे नाही! एवढ्या मोठ्या माणसाला तुम्ही टणटण करून खाली बसवणार?"

"पण नियम..."

"तुमची फाईल माझ्या टेबलावर आहे. नियम मला शिकवू नका."

मामांनी हातोडी उचलून खिशात ठेवली.

मोठे साहेब छान बोलले. विसाव्या मिनिटाला शेवटचं वाक्य बरोबर मुक्कामाला आणलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी गप्प. ते गोंधळले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू झाले. घंटेआधी थांबायचं नाही हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. पंचविसाव्या मिनिटाला डोंगर संपले, समुद्र संपला. तिसाव्याला साहेब स्वतःच्या आजीच्या शेळ्यांवर आले. समोरचे पन्नास साहेब वह्यांत शेळ्या उतरवून घेत होते! घंटा झाली नाही म्हणजे वेळ झाली नाही, ही वर्षभराची सवय. मनगटाकडं बघतो कोण?

साहेबांच्या कपाळावरून घाम गळायला लागला. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली. पुन्हा पुन्हा माझ्याकडं पाहत होते, आणि त्या नजरेत हुकूम नव्हता, चक्क विनवणी होती. माझ्या पोटात दोन टोले नुसते अडकून पडलेले. जन्मात पहिल्यांदा कुणी माझी वाट पाहत होतं, आणि मी मुकी.

मामांनी डावं घड्याळ पाहिलं, उजवं पाहिलं. खिशात हात घातला. पहिल्या रांगेतून रजिस्ट्रारसाहेबांनी डोळे वटारून मान हलवली. मामांनी ते पाहिलं, तरी हातोडी बाहेर आली.

टण्. टण्.

"...आणि ती काळी शेळी," एवढं म्हणून साहेबांनी तोंड मिटलं. त्या शेळीचं पुढं काय झालं, मला आजही ठाऊक नाही.

मग साहेब खाली उतरून थेट आमच्यापाशी आले. "किती झाली?"

"बेचाळीस मिनिटं, साहेब."

"आणि घंटा आत्ता?"

मामांनी रजिस्ट्रारसाहेबांकडं पाहिलं. ते छताचा पंखा न्याहाळत होते. "चुकलं माझं," मामा म्हणाले. दुसऱ्याचं नाव ओठांवर आणलं नाही.

"चौदा वर्षांपूर्वी तुम्हीच मला अर्ध्या वाक्यात बसवलं होतं. तेव्हा एका सेकंदानं चुकला नाहीत." साहेब वळले. "रजिस्ट्रार, कुणाचं चुकलं?"

"सर, ते... आपला मान म्हणून मीच सांगितलं की..."

"मान? माझ्याकडून शेळ्या वळवून घेतल्यात! आज मला भाषणात थांबवायला तुम्ही घाबरलात. उद्या लढाईत मी चुकीच्या वाटेनं निघालो तर कोण थांबवणार?"

मग त्यांनी मामांकडं हात केला. "या हॉलमध्ये आज हिंमत एकाच माणसात निघाली," साहेब म्हणाले. "त्याची फाईल आणा."

मामा त्याच दिवशी कायम झाले. त्यांना ग्रंथालयात जागा मिळाली, बसायला खुर्ची मिळाली. जाताना साहेब आणखी एक सांगून गेले, "पुन्हा कुणा शिपायावर अशी वेळ नको. टेबलावर आपोआप लागणारा दिवा बसवा. त्याला कुणी दम देऊ शकणार नाही."

खरंच आहे ते. दिवा लाल होतो आणि साहेब लोक खाली बसतात. मला काचेच्या कपाटात ठेवलंय, ढालींच्या आणि चषकांच्या रांगेत. हातोडी माझ्याजवळ नाही. जाणारे येणारे काचेत स्वतःचे केस नीट करतात आणि निघून जातात. कधी इकडं आलात तर क्षणभर थांबा, एवढंच मागते.

परवा मामा आले होते, मामींना आणि लेकीला घेऊन. लेक नर्सच्या पांढऱ्या कपड्यांत, इथल्याच दवाखान्यात लागलेली. मामा काचेला तोंड लावून सांगत होते, "म्हातारे, क्वार्टर राहिलं बरं का! हिनं भिंतीत सात खिळे ठोकलेत. सतरा वर्षांत एक ठोकला नव्हता."

"सातव्यावर काय टांगायचं ते अजून ठरलं नाही," मामी हसून म्हणाल्या. "पण घाई कुणाला आहे? आता आपण इथंच राहणार."