बाईंसाठी भिंग

भेट महाग असली की घेणारा चार दिवस मिरवतो आणि विसरून जातो. भेट स्वस्त असावी, पण इतकी नेमकी असावी की घेणाऱ्याला तोंडभरून आभार मानावे लागतील आणि घरी गेल्यावर ती ठेवायची कुठे ते कळू नये. वर्ष संपत आलं, शाळेला नाताळची सुट्टी लागायची वेळ झाली, की नातीला शिकवणाऱ्या, ने-आण करणाऱ्या, घरी राबणाऱ्या सगळ्यांना आमच्याकडून भेट जाते. ती मी निवडते. हे काम मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेलं नाही.

शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर रोज उशिरा येतो, त्याला गजराचं घड्याळ दिलं. धावायला शिकवणारे सर नुसती शिट्टी वाजवून दमतात, पोट पट्ट्यावरून ओघळलेलं. त्यांना उड्या मारायची दोरी. शिकवणीचे मास्तर घरात पाऊल ठेवताच आधी बिस्किटांच्या डब्याकडे बघतात आणि मग नातीकडे, म्हणून त्यांना डबाच देऊन टाकला. रंगीत, सुबक, रिकामा. मास्तर म्हणाले, "आजी, किती विचार करून देता हो तुम्ही."

"विचारच करते," मी म्हटलं. "त्याला पैसे पडत नाहीत."

आमची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मधे पडदा, पडद्यामागे धुणं आणि इस्त्री. नवरा गेला तेव्हा पदरात एक पोर आणि घरात एक इस्त्री होती. त्यातून मी हे उभं केलं. शाळा मी दुसरीत सोडली, पुढचं शिक्षण लोकांच्या कपड्यांवर झालं. प्रत्येक गाठोड्याला कापडी चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर पक्क्या शाईने गिऱ्हाइकाची खूण लिहायची, एवढंच माझं लिहिणं. नावं लिहीत बसायला वेळ कोणाला आहे? डॉक्टर. वकील. टकल्या. बाई. एवढ्यावर या दुकानातून आजवर कोणाचा रुमाल हरवला नाही.

मुलगा कपडे पोचवतो. सासू-सुनेच्या मधे तो पडत नाही, मांजरासारखा भिंतीच्या कडेकडेने जातो. सगळा भार सुनेवर. तिचा हात चांगला आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. बाहीची घडी अशी घालते की सुरीची धार वाटावी. फक्त साबण फार जातो तिच्या हातून. मी काउंटरवर कपडा उजेडात धरून डाग बघते, डाग नसला की 'साधी धुलाई' म्हणून मागे टाकते, आणि तरी महिनाअखेर साबणाचं पोतं लवकर तळाला जातं. मी बोलले की म्हणते, "बघते आई." बघते म्हणजे काय बघते, देव जाणे.

माझ्या मनगटात आता इस्त्री पेलायचा जोर उरलेला नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सून आहे तोवर सांगायची गरज नाही.

आणि नेमकी तीच निघाली होती. शाळेच्या बालवर्गात मदतनिसाची जागा निघाली होती. जेवताना तिने ताटाकडे बघत विषय काढला.

"पोरीच्या वर्गाच्या बाई मुख्याध्यापिकांकडे शब्द टाकतील का, असं मनात आहे. त्यांचा शब्द तिथे चालतो."

"शब्द टाकायला जवळ शब्द हवेत," मी म्हटलं. "ती बाई दिवसभर पोरांनाच वाचायला लावते म्हणे."

"हो आजी," नात म्हणाली. "बाई म्हणतात, तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकते. वहीपण आम्हीच वाचून दाखवायची."

"ऐकलंस? आळस. चालतेही कशी, नाक वर करून. परवा दुकानाच्या पायरीवरची रांगोळी तुडवून गेली, खाली बघायला काय जातं?"

सून म्हणाली, "आई, या वेळी बाईंना जरा बरं काहीतरी देऊ या. फार महाग नको. वर्गात त्यांना थंडी वाजते."

आणि तिने ते आधीच आणलेलं होतं. राखाडी रंगाची मऊ शाल. पिशवीतून काढून तिने ती आधी स्वतःच्या गालाला लावली. इतकी वर्षं माझ्या घरात आहे, पण कुठल्या कपड्याला गाल लावताना मी तिला पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं की जागा मिळाली तर ही मागे वळूनसुद्धा बघायची नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "दे, मी बांधते."

आता आमच्या झाडूवालीबद्दल सांगते. तिला मी वावटळ म्हणते. दारातून आत येते, एक गिरकी घेते आणि निघून जाते, कोपरे होते तसेच. तिच्यासाठी मी भिंग आणलं होतं. काळ्या मुठीचं, कागदाच्या दुकानात मिळतं तसं, अगदी स्वस्त. कोपरे दिसावेत म्हणून.

मी बसले. भिंग शर्टाच्या खोक्यात ठेवलं, भोवती रद्दी कोंबली, वर चांगला कागद. शाल दाबून गुंडाळून एवढीशी केली आणि जुन्या कागदात बांधली. मग शाई घेतली आणि दोन्हींवर एकच शब्द लिहिला: बाई. शाळेतली ती बाई आणि झाडू मारते तीही बाई. आपली भाषा मोठी सोयीची आहे. उद्या कोणी विचारलं तर मी काय, अडाणी. अडाणी माणसाची चूक सगळे पोटात घालतात. शिकलेल्यांना ही सवलत नाही.

सकाळी सून इस्त्रीत बुडालेली होती. मी नातीच्या हातात खोकं दिलं. "हे शाळेतल्या बाईंचं. पाडू नकोस."

वावटळ आली तेव्हा दुसरं पुडकं तिला दिलं. तिने ते तिथेच उघडलं आणि शाल हातात घेऊन पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "मालकीणबाई, इतकी वर्षं मला वाटायचं तुम्ही मनाने वाईट आहात."

मी म्हटलं, "कोपरे झाड आधी."

दुपारी नात परत आली. सुनेने इस्त्री उभी करून विचारलं, "बाईंना आवडलं?"

"माहीत नाही. बाईंनी उघडलं, त्यावर हात फिरवला. मग ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं."

"शाल? कुलपात?"

"शाल कुठे? भिंग होतं."

सुनेने माझ्याकडे पाहिलं.

"अगंबाई," मी म्हटलं, "अदलाबदल झाली की काय? मी मेली अडाणी. माझ्या लेखी बाई म्हणजे बाई."

मला वाटलं रडेल, निदान भांडेल. तिने नुसतं "कळलं" म्हटलं आणि उशीच्या अभ्र्यावरून इस्त्री फिरवायला लागली. एकाच जागी. शेवटी वास आला तेव्हा मीच ओरडले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागलेली. दुकान उघडून मी बसते न बसते तोच शाळेच्या बाई आल्या. दारातून काउंटरपर्यंत येताना त्यांनी भिंतीला हात लावला, मग फळीला. तेच खोकं समोर ठेवलं.

"आजी, एकट्याच आहात?"

"इस्त्री चालली आहे मागे. बोला."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

मला कशाचाच पत्ता नव्हता. पण काउंटरवर जन्म गेलाय. गिऱ्हाईक स्वतःहून बोलायला लागलं की आपण मधे प्रश्न घालू नये. मी म्हटलं, "सांगायला कशाला हवं? दिसतं की."

बाई खुर्चीचा कठडा चाचपून बसल्या. "फळ्यावरचं मला आता दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच अक्षर दिसत नाही. वह्या मुलांकडून वाचून घेते. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. शाळेला कळलं तर आजच घरी बसवतील, आणि घरी दुसरं मिळवणारं कोणी नाही. तुमचं भिंग हातात आलं तेव्हाच समजले, माझं बिंग फुटलं."

मी काउंटरवरच्या चिठ्ठ्या सारख्या करत राहिले.

"आणि ते कशासाठी पाठवलंत हेही समजले. मी कालच मुख्याध्यापिकांशी बोलले. तुमच्या सुनेची जागा पक्की झाली. सुट्टी संपली की येऊ दे. फक्त हे आपल्यातच राहू दे, आजी."

म्हणजे मी गेले होते सुनेचा पाय ओढायला आणि खांद्यावर घेऊन तिला पलीकडे सोडून बसले होते. पण बाई समोर थरथरत होत्या, आणि थरथरणाऱ्या माणसाकडून वाटेल ते करून घेता येतं, एवढं मला कळतं.

"बाई," मी म्हटलं, "सुनेला जागा नको."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या जरा उजवीकडे बघितलं. "मग काय हवंय तुम्हाला?"

"काही नको. मुख्याध्यापिकांना सांगा, चौकशी केली, बाई कामाची नाही, हात लांब आहेत तिचे. गिऱ्हाइकांचं खिशातलं सापडत नाही म्हणा. तुमचं गुपित माझ्याजवळ सुखरूप राहील."

पडद्यामागे वाफेचा आवाज थांबलेला होता. कधी थांबला, माझ्या ध्यानात आलं नाही.

सून बाहेर आली. पदराला हात पुसले, खोकं उघडलं, रद्दीतून भिंग काढून काउंटरवर ठेवलं.

"बाई, हे तुमच्यासाठी नव्हतंच. झाडूवालीसाठी आणलेलं. आईंनी मुद्दाम बदलून पाठवलं, मला जागा मिळू नये म्हणून. तुमच्या डोळ्यांचं आम्हाला कोणालाच काही माहीत नव्हतं."

बाईंचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला. आपल्याच तोंडाने सगळं सांगून बसल्या होत्या. त्या उठायला गेल्या.

"बसा," सून म्हणाली. गिऱ्हाइकाला 'शर्ट उद्या मिळेल' सांगावं तितक्या साध्या आवाजात. "आता माहीत झालं."

बाई पुन्हा कठडा धरून बसल्या.

"बालवर्ग नको मला. तुमच्याच वर्गात येते. वह्या मी वाचीन, फळ्यावर मी लिहीन. वर्ग मोठा आहे, मदतनीस लागते, असं मुख्याध्यापिकांना तुम्ही सांगा. तुमची नोकरी राहील, माझी लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

भिंगावर बोटाचा ठसा उमटला होता, तो सुनेने पदराने पुसला.

बाईंनी होकार दिला. मग सून त्यांना कोपराला धरून पायरी उतरवून आली. आधार देत होती की धरून ठेवत होती, ते पाठीमागून बघून मला सांगता येणार नाही. एवढं खरं की माझ्या स्वतःच्या मुलाला हे सात जन्मात जमलं नसतं.

ती परत आल्यावर मी म्हटलं, "इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, वाया नाही गेली."

"नाही गेली," ती म्हणाली. तिने भिंग उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं, मूठ माझ्याकडे करून. "हे तुम्हाला. स्वस्तातलं आहे, पण विचार करून देते."

"मला कशाला?"

"कॉलरचे डाग तुम्हाला दिसत नाहीत, आई. वर्ष होऊन गेलं. तुम्ही 'साधी धुलाई' म्हणून मागे टाकता, मी ते परत घासून धुते. साबण त्यातच जातो. सुट्टी संपल्यावर मागे कोणी नसेल."

आणि पडद्याआड गेली. वाफेचा आवाज पुन्हा सुरू झाला.

खोटं बोलत होती. सासूच्या हातातून सुटते म्हटल्यावर जाता जाता चिमटा काढायचा, हे मीच तर शिकवलं तिला. मी काउंटरवरचा डॉक्टरांचा शर्ट घेतला, दारापाशी जाऊन उजेडात धरला, कॉलर उलटीसुलटी करून पाहिली. स्वच्छ होती. भिंगाला मी हात लावला नाही.

तेवढ्यात वावटळ झाडू घेऊन आली, अंगावर ती राखाडी शाल. माझ्या खांद्यावरून डोकावली.

"मालकीणबाई, केवढा पिवळा डाग आहे हो कॉलरला."

"तू तुझे कोपरे बघ," मी म्हटलं.

"ते झाले की मघाशीच," ती म्हणाली आणि शाल सावरली.