हाफटाइमला हललेली स्टुलं

ऐका ना, परवाच्या मॅचला आम्ही गेलोच नाही. आम्ही म्हणजे मी, ताई, मामा आणि टेलरकाका, ज्यांचा तो मोठा ड्रम. मला कळायला लागल्यापासून आमचं ठरलेलं, आपली टीम ज्या गोलवर चढाई करणार त्या गोलमागे बसायचं, आणि हाफटाइमला बाजू बदलली की ड्रम उचलून आपणही पलीकडच्या टोकाला. पण क्लबच्या नव्या मालकाने ड्रमला बंदी घातली आणि भोंग्यावर रेकॉर्ड केलेला जल्लोष लावला. म्हणजे ओरडणार मशीन, आपण नुसतं बघायचं.

ताई म्हणाली, बास, क्लब सोडायचा. मामाला ते काही पचेना. पोर वाया गेलं म्हणून कोणी घर सोडतं का, हे त्याचं म्हणणं. ताई म्हणे, "मामा, पोर आपण आहोत. घराबाहेर त्यांनी काढलंय." टेलरकाकांनी एवढंच सांगितलं की सोडायचंच असेल तर ड्रम शाळेला देऊन टाकतो, सोमवारी पीटीचे सर न्यायला येतील. ड्रम गेला की आम्ही चौघं कशाला एकत्र बसणार? मामा घरी झोपेल, ताई मोबाइलमध्ये डोकं घालेल, संपलं.

तर मॅचच्या वेळी काकांच्या दुकानात जमलो. दुकान नेमकं स्टेडियमला लागून, भिंतीला भिंत. मॅचचा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. काका कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते, मामा बटणांचे रंग वेगळे करत होता, ड्रमवर कापडाचे गठ्ठे. पलीकडून भोंग्याचा जल्लोष आला की मामा पुटपुटायचा, मशीनचा घसा कसा बसत नाही.

मग हाफटाइमची शिट्टी झाली. आणि काय सांगू, चौघंही उठलो, आपापलं स्टूल उचललं, शिलाई मशीनकडून इस्त्रीच्या टेबलाकडे गेलो आणि बसलो. कोणी कोणाला काही बोललं नाही. काकांनी तर ड्रमही आणला, गठ्ठ्यांसकट. बसल्यावर लक्षात आलं. ताईने मामाकडे बघितलं, मामाने छताकडे.

"सोडला वाटतं क्लब," काका म्हणाले.

पहिली ताईच फुटली. मग आम्ही सगळे, हसून हसून पुरेवाट.

तेवढ्यात भोंग्याने सांगितलं, आपल्याला कॉर्नर. कॉर्नरला काकांचे तीन ठोके आणि त्यावर पब्लिकच्या तीन टाळ्या, हे आमचं वर्षानुवर्षांचं. काकांनी ताईकडे पाहिलं. ताईने उठून गठ्ठे खाली ठेवले.

धम, धम, धम.

क्षणभर काहीच नाही. मग भिंतीपलीकडून अख्ख्या स्टँडच्या टाळ्या आल्या, बरोब्बर तीन. मामाच्या हातातली बटणं सांडली, सगळे रंग परत एकत्र.

गोल झाला नाही, आपलीच टीम ती. हरलोसुद्धा.

आता ठरलंय. आत पाऊल टाकायचं नाही, हा ताईचा हट्ट. पण दुकानाच्या गच्चीवर बसायचं, हा मामाचा. गच्ची काही मालकाच्या बापाची नाही, काकांची आहे. पीटीच्या सरांना काकांनी कळवलं, शाळेसाठी दुसरा ड्रम शोधू. शनिवारी तुम्हीही या. फक्त हाफटाइमला उठावं लागेल, आपापलं स्टूल घेऊन, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला.