दहा किलोंचा भरवसा

मी वजनकाटा बोलतोय. पलंगाखाली राहणारा, चपटा, काळ्या रबराच्या पाठीचा. माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही.

कारखान्यात प्रमाणित वजनं ठेवून माझी परीक्षा झाली. मी उत्तीर्ण झालो, असं खोक्यावर छापलं होतं. पण परीक्षा घेणाऱ्याला त्या दिवशी घरी जायची घाई होती, ही शंका माझ्या मनातून कधी गेली नाही.

एका फरशी बसवणाऱ्याच्या बायकोने मला विकत आणलं. पहिलं वर्षभर ती रोज माझ्यावर उभी राहायची. वजन करताना माणसं श्वास का रोखतात, हे मला अजून कळलेलं नाही. मग तिची जावेशी पैज लागली, महिन्यात कोण जास्त उतरतं याची. पैजेच्या सकाळी तिने मला उलटं केलं, पोटाखालचं चाक जरासं फिरवलं आणि पैज जिंकली. त्यानंतर मला पलंगाखाली सरकवलं. तिथे मी बारा वर्षं पडून होतो.

यंदा फरशीवाल्याचा डावा खुबा दुखू लागला. रक्त पोचेना, म्हणून आतलं हाड मरत चाललं होतं. डॉक्टरांनी सांधा बदलला नाही. हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब उतरवला. म्हणाले, सहा आठवडे कुबड्या, आणि डाव्या पायावर दहा किलोंपेक्षा जास्त भार नको. हाडाचा गोळा चेपला, तर हा सांधा गेलाच समजा.

पण दहा किलो म्हणजे किती, हे पायाला शिकवायचं कसं? व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "काकू, घरात वजनकाटा आहे का?" अशी माझी आठवण झाली.

रोज सकाळी तो कुबड्यांवर उभा राही. उजवा पाय रचलेल्या फरश्यांवर, डावा माझ्यावर. त्याने मान ताठ ठेवायची, तिने वाकून आकडा वाचायचा. "आठ. नऊ. दहा. बस, आता पायाला लक्षात ठेवायला सांगा." मग त्याच अंदाजाने तो दिवसभर चाले.

मला काहीतरी खटकत होतं. तो पाय दहापेक्षा जड वाटे. पण बारा वर्षं अंधारात काढलेल्याने कुणाला जड म्हणावं?

तिसऱ्या आठवड्यात जांघेत दुखतंय म्हणाला, तशा बायकोच्या भुवया चढल्या.

"मी अंघोळीला गेले की तुम्ही कुबड्या टाकून हिंडता."

"कशाला हिंडू, अगं?"

"एका जागी बसाल तर तुम्ही कसले. परवा गॅलरीतली फरशी कोण ठोकून बघत होतं?"

"कुबडीने ठोकली. पोकळ वाजतेय ती."

मीही मनातून तिच्याच बाजूला गेलो. संशयाला सोबत लागते.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याच कामाच्या पिशवीतला गेरू काढला, कुबड्यांच्या रबरी टोकांना फासला आणि अंघोळीला गेली. आली ती ओणवी होऊन जमीन बघू लागली. पलंगापासून गॅलरीपर्यंत लाल ठिपके, जोडीजोडीने, एकही पाऊल न चुकता. परत येतानाही तसेच. गॅलरीतलं वर्तमानपत्र शर्टात खोचून तो पलंगावर बसला होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "मी चोर नाही. मग दुखतंय का?"

तिची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी रिकामा होतो. माझा काटा शून्याच्या चार घरं अलीकडे थांबला होता. रोज तो पाय ठेवी तेव्हाच ती वाकायची. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं?

तिने वाकून बोटाने ती चार घरं मोजली. "अहो, ती पैज."

"कसली पैज?"

"जावेशी लावलेली. मी याचं चाक फिरवलं होतं. तुम्ही दहा नाही, चौदा किलो देत होतात. रोज."

त्याने कुबडीने मला जवळ ओढून काटा बघितला. मग म्हणाला, "जन्मभर लोकांच्या घरी आधी लेव्हल लावली, मग फरशी. आणि स्वतःच्या घरी..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. "डॉक्टरांना फोन कर आधी."

एक्स-रे दोन दिवसांनी निघाला. ते दोन दिवस ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी भंगारवाल्याची हाळी ऐकत होतो. गोळा गोलच निघाला. "थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले, "आता मात्र दहा म्हणजे दहा."

फरशीवाल्याने माझा काटा शून्यावर आणला आणि चाक पांढऱ्या सिमेंटने बुजवून टाकलं. मग बायको म्हणाली, "मलाही कळू दे एकदा." डोळे मिटून माझ्यावर उभी राहिली. श्वास रोखून.

"किती?"

त्याने पलंगावर बसूनच चष्मा लावला, नीट बघितलं आणि म्हणाला, "बासष्ट."

मी सहासष्ट दाखवत होतो. चाक बुजवलेलं आहे, तरी क्षणभर मला माझाच संशय आला. म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. माझ्यासारख्यावर भार टाकण्याआधी, तो रिकामा असताना एकदा त्याच्याकडे बघा. आणि जमलं तर, आकडा वाचून दाखवणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही.