अठ्ठावीस खोल्या

डॉक्टरांनी हात टेकले त्या दुपारी माझी बायको मालन आमच्या गाडीच्या बॅटरीत राहायला गेली. दोन लुगडी, कुंकवाची डबी, आरसा-फणी आणि पितळेचा तांब्या एवढंच तिनं बरोबर नेलं. ही बॅटरी मागच्या सीटखाली असते. आत एका रांगेत अठ्ठावीस खोल्या आहेत, असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी सीटला कान लावून ऐकत होतो.

"एका माणसाला अठ्ठावीस खोल्या?" मी म्हणालो.

"झाडायच्या मलाच हायत," ती म्हणाली. "तुमचं काय जातंय?"

मी ज्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, त्या परदेशी गेल्या तेव्हा गाडी मला देऊन गेल्या. ती पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. तिला वायर जोडावी लागत नाही. उतारावर ब्रेक दाबला की तिची ती भरते. मी ब्रेक दाबला की मालनच्या खोल्यांत दिवे लागत, चढ आला की विझत. म्हणून दर गुरुवारी मी कराडहून निघायचो आणि कुंभार्ली घाट उतरायचो. उजेड असेपर्यंत ती एकेक खोली झाडत जायची.

"अकरावी झाली. जरा दमानं घ्या, बारावीत जळमटं हायत."

घाट संपायच्या आत तिचं सगळं घर लख्ख व्हायचं. खाली पोफळीत मी चहा घ्यायचो. माझ्या वाटणीचाबी तुम्हीच प्या, असं ती म्हणायची. मग मी दुसरा घ्यायचो.

पहिल्या थंडीत सीटला हात लावला तर गार लागली. घरी मालनची उरलेली लुगडी पडून होती. त्यांची जाड गोधडी शिवून घेतली आणि मागच्या सीटवर अंथरली. वारा शिरू नये म्हणून कडा चारी बाजूंनी खोचल्या.

"ऊब आहे का?" मी विचारलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हाय की."

पाचव्या वर्षी घाट कमी व्हायला लागला. एका गुरुवारी दोन वळणं नव्हती. तिथे रस्ता सरळ सांधलेला होता आणि डांबर जुनंच होतं. पुढच्या महिन्यात आणखी तीन गेली. चढ होता तेवढाच राहिला. मालन म्हणाली, "शेवटच्या खोलीचं दार उघडंना." पावसाळा संपेपर्यंत सहा दारं बंद झाली होती.

मी गाडी नसीर मिस्त्रीकडे नेली. त्याचं वर्कशॉप कराडात नाक्याजवळ होतं. त्याचे हात तेलकट असतात, म्हणून गोधडी घरीच काढून ठेवली. नसीरनं मशीन लावून बघितलं.

"सहा सेल गेलेत, तात्या."

"गाडी तर जास्त चाललेली नाही."

"ह्या बॅटऱ्यांचं माणसासारखंच असतं. आठ-दहा वर्षं म्हणायची. कुणाची बारा जाते, कुणाची पाचात आटपते." त्यानं पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "भंगारातल्या गाडीचे सहा सेल हायत माझ्याकडं. घालून देतो. पण खरं सांगू का? वेगवेगळ्या घरच्यांचं पटत नाही. एक बसला की दुसऱ्याला घेऊन बसतो."

त्यानं सहा सेल घातले. घरी येताना मालनचा आवाज चढलेला होता.

"तेविसाव्या खोलीत एक म्हातारा आलाय. सारखा तंबाखू मागतोय."

"मग?"

"मग काय? म्हटलं, हितं बाईमाणूस राहतंय. तर म्हणतोय, मी आधीपासनं हितंच हाय, खोली तुमच्यात आलीया."

चार महिने ती त्याच्याबद्दल तक्रार करत होती. पाचव्या महिन्यात म्हणाली, "म्हातारा बोलंना." त्यानंतर त्याच्या अलीकडच्या खोल्याही बंद होत गेल्या. वीस राहिल्या, मग तेरा, मग नऊ.

नसीरकडे दुसऱ्यांदा निघालो तर वर्कशॉप नाक्याजवळ नव्हतं. ते पाटणच्या पुढे रस्त्याच्या कडेला होतं. तोच पत्रा, तोच पिवळा दरवाजा. या वेळी गोधडी काढायचं राहून गेलं. नसीरनं मागचं दार उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

"ही कधीपासनं हाय, तात्या?"

"पहिल्यापासून."

त्यानं गोधडीची कड उचलली. सीटच्या बाजूला एक लांबट जाळी होती. माझ्या तळहाताएवढी असेल. गोधडी घालायच्या आधी ती मी रोज बघत होतो आणि शोभेची समजत होतो.

"ही बॅटरीची खिडकी," तो म्हणाला. "आत पंखा असतो, हितनं वारा घेतो. गोधडीनं बंद केलीत की. आत भट्टी झाली असणार."

त्यानं दोन बोटांनी जाळीतला कापूस ओढला. तो संपेचना. कापसाबरोबर लुगड्यांचे धागे आले, हिरवे आणि जांभळे. त्यांच्यात अडकून पांढरे केस आले. नसीरनं ते फेकले नाहीत. कागदावर ठेवून मला दिले.

नव्या बॅटरीचं त्यानं सांगितलं. पावणेतीन लाख पडतील, तेही जुनी परत दिली तर. जुनी दिल्याशिवाय नवी मिळत नाही. जुन्या बॅटरीचा पत्रा सोलून आतला माल वितळवतात.

"जुनी घरी ठेवली तर?" मी विचारलं.

"गाडीबाहेर तिला कोण भरणार? पडून राहील आणि बसंल."

मी गाडीत येऊन जाळीला तोंड लावलं. सात वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज अगदी जवळून आला.

"मालन, गुदमरत होतं तर सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढ्या मायेनं घातलीसा," ती म्हणाली. "काढा कसं म्हणू?"

गोधडी मी काढून ठेवली आणि त्यानंतर कुणाला मागं बसू दिलं नाही. काचा उघड्या ठेवून गाडी चालवली. वारा आत जात होता, पण बंद झालेल्या दारांपैकी एकही उघडलं नाही. शेवटी एकच खोली राहिली.

मुलगी कांचन पुण्याहून आली. तिला आई ऐकू येत नाही. एकदा तिनं सीटला कान लावून पाहिलं होतं, मग बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. या वेळी तिनं कान लावला नाही.

"तात्या, नसीरचाचा म्हणतात सेल फुगलेत. घाटात गाडी पेटली तर? आई गेली तेवढं बास झालं मला. पैसे मी भरलेत."

"तुझी आई कुठं जाईल?"

कांचननं पर्समधून नव्या बॅटरीचा फॉर्म काढला. मग तिनं फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मला वाचायला वेळ लागतो. ती थांबली. जुनी बॅटरी पूर्ण स्थितीत परत करावी, असं लिहिलं होतं. जुनी कुठल्या स्थितीत आहे, ते लिहायला जागा नव्हती. मी सही केली, कारण गाडी बंद पडली असती तर उरलेल्या खोलीतही पुन्हा दिवा लागला नसता आणि गाडी पेटली असती तर खोलीच राहिली नसती. दोन्हीकडून एकच होतं. सही करताना मालनला काही बोललो नाही.

गुरुवारी सकाळी निघालो. पाटणजवळ वर्कशॉप नव्हतं. कोयनेच्या पुढेही नव्हतं. घाटमाथ्यावर आलो तेव्हा उतार फक्त पाऊण वळणाचा राहिला होता. जिथे पूर्वी दरी सुरू व्हायची, तिथे पिवळा दरवाजा सताड उघडा होता. आत नवी बॅटरी खोक्यातून काढून ठेवली होती. तिच्याशेजारी जुनीसाठी एक रिकामं खोकं होतं. नसीर दारात उभा होता. त्यानं मला बघून हात वर केला, पण हाक मारली नाही.

मी माथ्यावरच ब्रेक दाबून धरला. गाडी उभी असली की बॅटरी भरत नाही. उजेडासाठी गाडी सरकावी लागते आणि सरकली की उतार संपत जातो.

"कोन हाय वो समोर?" मालननं विचारलं. ती शेवटच्या खोलीत होती.

"नसीर आहे."

"न्यायला आल्यात व्हय मला?"

मी आरशातून मागची सीट बघितली.

"मग जरा दिवा लावा की," ती म्हणाली. "अशीच जाऊ का? केस विंचरू दे."

मी पाय बोटभर उचलला. गाडी वीतभर सरकली. जाळीतून उजेडाची एक रेघ माझ्या मनगटावर आली आणि आरशाला फणी टेकवल्याचा आवाज झाला. मी पुन्हा ब्रेक दाबला. रेघ गेली.

"झालं का?" मी विचारलं.

"गुंता हाय," मालन म्हणाली. "अजून थोडं."

मी पुन्हा पाय उचलला. नसीरनं कोपरापर्यंतचा एक रबरी हातमोजा चढवला आणि दुसरा हातात धरून तो थांबला.